कॅम्पिलोबॅक्टरची विषबाधा: कोंबडी, दूध, पाणी आणि स्वयंपाकघराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम्पिलोबॅक्टर म्हणजे काय?

मळसूत्रासारखा वळलेला एक सूक्ष्म जिवाणू. माणसाला आजारी पाडणाऱ्या जातींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सर्वांत पुढे आहे; त्याच्या खालोखाल कॅम्पिलोबॅक्टर कोली. जागतिक आरोग्य संघटना जगभरातल्या जुलाबांच्या चार प्रमुख कारणांत याची गणना करते. तरीही साल्मोनेला किंवा कॉलरा ही नावे आपल्याकडे जितक्या जणांना ठाऊक आहेत, तितके हे नाव नाही. याचे एक कारण असे की नेहमीच्या शौच-तपासणीत हा जिवाणू सहसा सापडत नाही. तो का सापडत नाही, ते पुढे आले आहे.

जेवण ताजे होते, वास नव्हता, चव बिघडली नव्हती. मग विषबाधा कशी झाली?

विषबाधा म्हटली की डोळ्यांसमोर रात्रीचा भात, आंबलेली आमटी किंवा लग्नातले उरलेले जेवण येते. त्या प्रकारात अन्न बाहेर राहते, जिवाणू त्यात वाढतात आणि मग आपण आजारी पडतो. कॅम्पिलोबॅक्टरचे तसे नाही. त्याला वाढायला साधारण ३० ते ४५ अंश सेल्सियस तापमान लागते आणि हवेत असतो त्यापेक्षा बराच कमी प्राणवायू लागतो. ओट्यावर ठेवलेल्या अन्नात या दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, त्यामुळे तो तिथे वाढत नाही.

पण त्याला वाढण्याची गरजच नसते. सुमारे ५०० जिवाणू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो, आणि कच्च्या कोंबडीतून गळणाऱ्या पाण्याच्या एका थेंबात तेवढे असू शकतात. म्हणून सकाळी आणलेली, दुपारी शिजवलेली, अगदी ताजी कोंबडीसुद्धा घरात हा आजार आणू शकते. अन्न किती वेळ बाहेर होते हा नेहमीचा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. कच्च्या मांसाचे पाणी कुठे कुठे लागले, हे विचारायला हवे.

कोंबडीतच तो इतका का असतो?

पक्ष्यांच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश असते आणि या जिवाणूला नेमके तेच मानवते. ब्रॉयलर पिल्ले दोन-तीन आठवड्यांची झाली की शेडमधल्या पाण्यातून आणि विष्ठेतून तो त्यांच्या आतड्यात शिरतो आणि पाहता पाहता सगळ्या कळपात पसरतो. कोंबडी आजारी दिसत नाही, तिचे वजन नीट वाढते, त्यामुळे पाळणाऱ्यालाही कळत नाही. कापताना, पिसे काढण्याच्या यंत्रात आणि आतडी काढताना विष्ठेचा अंश कातडीला व मांसाला लागतो. एकाच ठोकळ्यावर, एकाच सुऱ्याने दिवसभर कोंबड्या कापल्या की एकीवरचे जिवाणू दुसरीवर जातात. गावठी कोंबडी यातून सुटते असे मानू नका. उकिरड्यावर चरणारी कोंबडीही तो बाळगून असते.

रस्सा तर चांगला अर्धा-पाऊण तास उकळतो. मग धोका कुठे आहे?

रस्सा खरोखर सुरक्षित असतो. हा जिवाणू उष्णतेपुढे दुबळा आहे. ६० अंशांच्या वर तो काही मिनिटांतच मरतो. तांबडा रस्सा असो, पांढरा असो, सुके असो की कुकरला शिट्ट्या देऊन केलेले चिकन, आपल्या पद्धतीने शिजलेल्या कोंबडीत तो उरत नाही. धोका असतो त्याच ताटात रस्स्याशेजारी वाढलेल्या, न शिजवलेल्या पदार्थांत.

कोंबडीचे तुकडे ज्या विळीवर केले तिच्यावर नुसते पाणी ओतून कांदा चिरला जातो. तो कच्चा कांदा, काकडीची कोशिंबीर, लिंबाची फोड, वरून पेरलेली कोथिंबीर, सोलकढी यांपैकी काहीच आचेवर जात नाही. दुसरी वाट हातांची. कोंबडीला मीठ-हळद चोळता चोळता त्याच हाताने मिसळणाचा डबा उघडला जातो, चमचा धरला जातो, नळ फिरवला जातो, वाजणारा मोबाइल उचलला जातो. तिसरी वाट पिशवीची. दुकानातल्या काळ्या पातळ पिशवीला भोक असते, ती भाजीच्या पिशवीत टाकली जाते आणि तिचे पाणी टोमॅटो-काकडीवर गळते. हीच पिशवी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवली तर खालच्या दह्यावर गळेल.

यावर उपाय क्रमाचा आहे. कोंबडीला हात लावण्याआधी कोशिंबीर, कांदा, कोथिंबीर, लिंबू सगळे चिरून झाकून बाजूला ठेवा. लागणारे मसाले वाटीत काढून घ्या, म्हणजे मध्येच डबे उघडावे लागणार नाहीत. कोंबडी सर्वांत शेवटी घ्या. ती भांड्यात पडली की हात साबणाने २० सेकंद धुवा, मगच पुढच्या कामाला लागा. एवढ्यानेच घरातला बराचसा धोका टळतो, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

कोंबडी धुवावी की धुऊ नये?

ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०१४ मध्ये लोकांना स्पष्ट सांगितले की कच्ची कोंबडी धुऊ नका. धुतल्याने जिवाणू जात नाहीत. ते कातडीच्या बारीक खळग्यांत चिकटलेले असतात. उलट नळाच्या धारेचे शिंतोडे सिंकभोवती, ओट्यावर आणि शेजारी पालथ्या घातलेल्या धुतलेल्या भांड्यांवर उडतात. सुपरमार्केटमधून बंद पाकिटात, साफ केलेली कोंबडी येत असेल तर हा सल्ला जसाच्या तसा पाळावा. लंडन, न्यू जर्सी किंवा सिडनीत राहणाऱ्यांना तर धुण्याचे काहीच कारण नाही.

आपल्याकडे डोळ्यांसमोर कापलेल्या कोंबडीवर पिसांचे खुंट, रक्ताच्या गाठी, हाडांचा चुरा असतो, आणि ते तसेच शिजवा म्हटले तर कोणी ऐकणार नाही. म्हणून धुवायचीच असेल तर अशी धुवा. सिंकमधली भांडी आधी काढून घ्या. खोलगट पातेल्यात आधी पाणी घ्या आणि तुकडे हळूच त्यात सोडा. वरून धार सोडू नका. हाताने सावकाश ढवळून खुंट आणि गाठी काढा. पातेले सिंकच्या तळाशी टेकवून पाणी हळू ओता, उंचावरून नको. मोरीत खाली बसून धूत असाल तर आसपास पिण्याच्या पाण्याची कळशी किंवा धुतलेली भांडी नकोत. मग सिंक, नळाची तोटी आणि आजूबाजूची जागा साबणाने घासून काढा. दुकानदाराकडूनच नीट साफ करून, कातडी काढून घेतली तर घरचे हे काम निम्म्यावर येते. बहुतेक जिवाणू कातडीवरच असतात, त्यामुळे कातडी काढण्याचा आणखी एक फायदा होतो, पण कातडी काढली म्हणून मांस निर्जंतुक होत नाही.

विळी, पाट, फडकी यांचे काय करायचे?

नुसत्या पाण्याने काही होत नाही, कारण मांसाची चरबी जिवाणूंना धरून ठेवते. आधी साबण आणि गरम पाण्याने घासून ती चरबी काढा. त्यानंतर हवे असल्यास १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर, म्हणजे एक चहाचा चमचा, ४ टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट मिसळून पृष्ठभागावर दोन मिनिटे राहू द्या. हे द्रावण रोज ताजे करा. व्हिनेगर, ॲसिड किंवा शौचालय साफ करण्याच्या द्रवात ते कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. साबणाच्या आधी क्लोरीन लावले तर ते मांसाच्या अंशावरच खर्ची पडते आणि जिवाणू राहतात. म्हणून क्रम उलटा करू नका.

कॅम्पिलोबॅक्टरला कोरडेपणा मुळीच सोसत नाही. धुतलेला पाट उभा करून खणखणीत वाळू द्या, जमल्यास उन्हात. खाचा पडलेला जुना लाकडी पाट आतून ओलाच राहतो. तो मांसासाठी वापरू नये. खरे तर मांसासाठी वेगळी सुरी आणि वेगळा पाट ठेवणे सर्वांत सोपे.

ओट्यावरचे ओले फडके सर्वांत वाईट. कोंबडीचे पाणी टिपून तेच फडके पिळून पुन्हा ताट पुसायला घेतले की जिवाणू घरभर होतात. ते पाणी टिपायला जुना कागद वापरा आणि लगेच कचऱ्यात टाका. फडके वापरलेच तर ते तिथल्या तिथे उकळत्या पाण्यात घाला.

कोंबडी पूर्ण शिजली हे कसे ओळखायचे?

तापमापक असेल तर मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश सेल्सियस दिसायला हवे. ७० अंशांवर दोन मिनिटे राहिले तरी चालते. तापमापक नसेल तर सर्वांत मोठा लेगपीस काढा आणि सांध्याजवळ चिरून पाहा. आतून वाफ यायला हवी, रस स्वच्छ निघायला हवा आणि मांस हाडापासून सुटायला हवे. हाडालगतचा लालसर रंग पूर्ण शिजल्यावरही राहू शकतो, कारण कोवळ्या कोंबडीच्या हाडातला मगज बाहेर झिरपतो. म्हणून एकट्या रंगावर विसंबू नका, पण शंका असेल तर आणखी दहा मिनिटे शिजवा.

रस्स्यात काळजी नसते. कोळशावरची तंगडी, तंदुरी आणि कबाब इथे मात्र लक्ष द्यावे लागते. बाहेरून काळे डाग पडतात, मसाला करपतो आणि आत हाडाजवळ मांस कच्चेच राहते. फ्रीझरमधली कोंबडी पूर्ण न वितळवता निखाऱ्यावर घातली तर हे हमखास होते. शेतावरच्या पार्टीत किंवा गच्चीवर भाजणार असाल तर तुकडे आधी घरी वाफवून न्या, तिथे फक्त रंग आणि धुराची चव येऊ द्या. कच्चे तुकडे ज्या ताटातून नेले त्याच ताटात भाजलेले परत काढू नका, आणि कच्च्या मांसाला लावायचा ब्रश शिजलेल्यावर फिरवू नका.

कलेजीचा उल्लेख वेगळा करायला हवा. मांसाच्या तुकड्यावर जिवाणू मुख्यतः बाहेरून असतात, पण कोंबडीच्या कलेजीत ते आतपर्यंत असू शकतात. पाश्चात्त्य देशांत आतून गुलाबी ठेवलेल्या कलेजीच्या पदार्थांमुळे या आजाराचे कितीतरी उद्रेक झाले आहेत. कलेजी जास्त शिजली की कडक होते म्हणून तव्यावर दोन मिनिटे परतून उतरवू नका. लहान तुकडे करा, झाकण ठेवून शिजवा आणि एक तुकडा मोडून आत गुलाबी उरलेले नाही ना, ते पाहा.

लिंबू, दही, हळद, मीठ लावून मुरवले तर जिवाणू मरत नाहीत का?

संख्या थोडी कमी होईल, पण भरवसा ठेवण्याइतकी नाही. ज्या दह्यात कोंबडी मुरली ते दही कच्च्या मांसाइतकेच धोक्याचे आहे. त्याची चव घेऊन मीठ बघू नका. उरलेले मुरवण नंतर रस्स्यात घालायचे असेल तर खदखदून उकळा.

फ्रीजमध्ये ठेवल्याने तो मरतो का?

नाही, उलट ४ अंशांवर तो खोलीच्या तापमानापेक्षा जास्त दिवस तग धरतो. म्हणून कोंबडी बाहेर ठेवावी असा अर्थ काढू नका. बाहेर साल्मोनेला आणि इतर जिवाणू वाढतात. फ्रीजमध्ये ती झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. गोठवल्याने कॅम्पिलोबॅक्टरची संख्या बरीच घटते. बाधित कळपांतली कोंबडी गोठवूनच विकायची हा मार्ग आइसलँडने अवलंबला आहे. पण काही जिवाणू उरतात, त्यामुळे गोठवलेल्या कोंबडीलाही वरचे सगळे नियम लागू होतात. वितळवताना ती खोल भांड्यात ठेवून फ्रीजमध्येच रात्रभर राहू द्या आणि भांड्यात साचलेले पाणी सांभाळून ओता.

मटण, मासे, अंडी, डुकराचे मांस?

मटणावर तो असू शकतो, पण कोंबडीपेक्षा बराच कमी. डुकरात कॅम्पिलोबॅक्टर कोली आढळतो, म्हणून गोव्यात आणि कोकणात डुकराचे मांस करताना पाट-सुरीची काळजी तीच घ्या. अंड्यांतून हा आजार क्वचितच होतो. अंड्यांच्या बाबतीत काळजी साल्मोनेलाची. समुद्रातल्या माशांतून तो सहसा येत नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. आम्हाला काय धोका?

दूध आणि पाणी.

गायी-म्हशींच्या शेणात हा जिवाणू असतो आणि धार काढताना सडांवरून दुधात उतरतो. धारोष्ण दूध अंगाला लागते हा समज जुना आहे, पण स्वच्छ गोठ्यातल्या निरोगी गायीचे दूधही कच्चे पिऊ नये. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात आणि तेवढ्यात कॅम्पिलोबॅक्टर मरतो. घरी दूध ऊतू येईपर्यंत तापवण्याची आपली रीत त्याहून कडक आहे, ती सोडू नका. कच्च्या दुधाचे ताक, घरगुती पनीर किंवा पंचामृतासाठी घेतलेले न तापवलेले दूध यांतून मात्र धोका राहतो. पंचामृताला दूध आधी उकळून गार करून घ्यावे. खरवस नीट, मध्यापर्यंत वाफवलेला असेल तर त्यात भीती नाही. नुसता कोमट केलेला चीक लहान मुलांना देऊ नये.

इंग्लंडमध्ये दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची पातळ झाकणे पक्षी चोचीने फोडत आणि त्यातून पाश्चराइज केलेल्या दुधानेही लोक आजारी पडत. तापवल्यानंतर दूध झाकून ठेवणे किती गरजेचे आहे ते यावरून लक्षात येईल.

पाण्यातून मोठा उद्रेक होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि झाला आहे. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये जोरदार पावसानंतर शेणखत विहिरीत उतरले आणि क्लोरीन पुरेसे नव्हते. ई-कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर यांनी सुमारे २३०० लोक आजारी पडले, ७ जण दगावले. न्यूझीलंडमधल्या हॅवलॉक नॉर्थमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये असेच झाले. तिथे मेंढ्यांच्या विष्ठेचे पाणी न शुद्ध केलेल्या बोअरमध्ये गेले आणि सुमारे १४,००० वस्तीच्या गावात ५००० हून अधिक लोकांना जुलाब लागले. दोन्ही ठिकाणी लोक ते पाणी स्वच्छ समजून रोज पीत होते.

हा जिवाणू क्लोरीनला लवकर बळी पडतो, म्हणून क्लोरीनने तो नक्की आवरता येतो. विहिरीचे किंवा टाकीचे पाणी तुम्हीच शुद्ध करत असाल तर १००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम चांगल्या प्रतीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लागते. ती कोरडीच टाकीत टाकू नका. बादलीत पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी टाकीत घालून ढवळा. तासभर थांबा, मग पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणारी ओटी टेस्ट करा, पाण्यात ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरलेला दिसायला हवा. काहीच उरला नसेल तर पाणी जास्त घाण आहे किंवा पावडर जुनी आहे. उघड्या पोत्यातली, दमट झालेली टीसीएल आपली ताकद गमावते, आणि गावात उद्रेक होतो तेव्हा बिघाड इथेही असू शकतो. गढूळ पाणी आधी गाळून निवळा, कारण गाळ क्लोरीन खातो. घरापुरते पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळले तरी पुरे. त्यानंतर ओगराळ्याने काढा, हात बुडवून पेला भरू नका.

आजार किती दिवसांनी दिसतो?

बहुधा २ ते ५ दिवसांनी. १० दिवसही लागू शकतात. त्यामुळे लोक आदल्या रात्रीच्या हॉटेलवर खापर फोडतात, आणि खरे कारण रविवारची कोंबडी असते. आठवायचे असेल तर मागच्या आठवडाभराचे जेवण आठवा.

सुरुवात कधी ताप, अंगदुखी, डोकेदुखीने होते, मग पोटात पिळवटणाऱ्या कळा आणि जुलाब. शौचात आव किंवा रक्त पडू शकते. कळा कधी उजव्या बाजूला इतक्या तीव्र असतात की अपेंडिक्सची शंका येते. आजार साधारण ३ ते ६ दिवस चालतो आणि बहुतेकांचा आपोआप बरा होतो.

घरी काय करावे?

पाणी आणि क्षार भरून काढणे हा मुख्य उपचार आहे. औषधाच्या दुकानातून ओआरएसची भुकटी घ्या. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असे लिहिलेले हवे. गोड, फळांच्या चवीची तयार पेये ओआरएस नव्हेत. त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात. पाकिटावर सांगितले असेल तितक्याच पाण्यात ती भुकटी विरघळवा. अर्ध्या पाण्यात पूर्ण पाकीट घातले तर मीठ जास्त होते, आणि बाळांना ते घातक ठरू शकते. भुकटी मिळाली नाही तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. २४ तासांत उरलेले फेकून द्या.

उलटी होत असेल तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्या. बाळाला अंगावर पाजणे बंद करू नका. पेज, मऊ भात, वरण, केळे, ताक यांपैकी जे जाईल ते द्या. उपाशी ठेवल्याने आतडे बरे होत नाही. लहान मुलांना डॉक्टर जस्ताच्या गोळ्या १० ते १४ दिवस देतात, जुलाब थांबले तरी त्या पूर्ण करा.

जुलाब तिथल्या तिथे थांबवणारी गोळी ताप असताना किंवा रक्त पडत असताना घेऊ नका. ती आतड्याची हालचाल थांबवते आणि जंतू आतच राहतात. लहान मुलांना तर ती मुळीच देऊ नये.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

शौचात रक्त, १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, सहा-आठ तास लघवी न होणे, उभे राहिल्यावर अंधारी, पाणीही पोटात न टिकणे, किंवा तीन दिवसांत उतार न पडणे, यांपैकी काहीही असेल तर लगेच. बाळाचे डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, ते मलूल पडले, तर सकाळपर्यंत वाट पाहू नका. गरोदर बाई, साठीच्या पुढची माणसे, मधुमेही, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि एचआयव्हीबाधित यांनी पहिल्याच दिवशी दाखवावे. त्यांच्यात जंतू रक्तात उतरू शकतो. पित्तासाठी रोज आम्लता कमी करणारी गोळी घेणाऱ्यांना लागण सहज होते, कारण जठरातले आम्ल हा पहिला अडसर असतो. गोळी परस्पर बंद करू नका, पण डॉक्टरांना ती सांगा.

अँटिबायोटिक लागते का?

बहुतेकांना नाही. आजार तीव्र असेल किंवा वर सांगितलेल्या नाजूक गटातला रुग्ण असेल तर डॉक्टर देतात, आणि ते पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर जास्त उपयोग होतो. आपल्याकडे जुलाब लागले की दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनची गोळी आणायची सवय आहे. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या कॅम्पिलोबॅक्टरवर या गटाची औषधे मोठ्या प्रमाणात निकामी ठरली आहेत. कुक्कुटपालनात अँटिबायोटिकांचा झालेला वापर हे त्याचे एक मोठे कारण. म्हणून डॉक्टर सहसा अझिथ्रोमायसिन निवडतात. मात्रा त्यांनीच ठरवावी.

शौच-तपासणीत काहीच निघाले नाही. म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर नव्हता का?

तसे म्हणता येत नाही. नेहमीच्या कल्चरमध्ये नमुना ३७ अंशांवर साध्या हवेत वाढवतात. कॅम्पिलोबॅक्टरला खास माध्यम, ४२ अंश, कमी प्राणवायू आणि साधारण ४८ तास लागतात. ही सोय नसेल तर तो वाढतच नाही आणि अहवाल निरंक येतो. तपासणी हवी असेल तर डॉक्टरांना कॅम्पिलोबॅक्टरसाठी स्वतंत्र कल्चर किंवा पीसीआर लिहून द्यायला सांगा. नमुना अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी द्या आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा.

पुण्यातल्या जीबीएसशी याचा काय संबंध?

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या जीबीएस या आजाराचे रुग्ण अचानक वाढले आणि काही आठवड्यांत त्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तपासलेल्या काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि काहींच्या शौचात नोरोव्हायरस सापडला. त्या भागातल्या पाण्याच्या पुरवठ्याकडे सर्वांचे लक्ष गेले ते त्यामुळे.

या जिवाणूच्या कवचावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि तीच पुढे मज्जातंतूंवर उलटतात. असे साधारण हजारात एका रुग्णाचे होते, म्हणून प्रत्येक जुलाबाने घाबरून जाऊ नका. पण जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायाला मुंग्या येऊ लागल्या, जिना चढवेना, पकड सैल झाली, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली किंवा गिळताना ठसका लागू लागला, तर त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठा. अशक्तपणा आला असेल म्हणून घरी थांबू नका, कारण तो काही दिवसांत पायांकडून श्वासाच्या स्नायूंपर्यंत चढू शकतो. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत चांगला लागू पडतो. नुसत्या स्टिरॉइडचा यात उपयोग होत नाही. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण चालायला लागायला कित्येक महिने जाऊ शकतात आणि त्या काळात फिजिओथेरपी सोडता येत नाही.

सुट्टीत परदेशातून नातवंडे येतात आणि तीच आजारी पडतात. घरचे सगळे ठीक असतात. असे का?

ज्या भागात हा जिवाणू सगळीकडे आहे तिथल्या मुलांना लहानपणीच वारंवार लागण होते आणि काही प्रमाणात प्रतिकारशक्ती येते. बाहेर वाढलेल्या मुलांकडे ती नसते. घरच्यांना काही होत नाही म्हणून पाणी चांगले आहे, असे समजू नका. नातवंडांना उकळलेले पाणी द्या. बाहेर खाताना गरम-गरम समोर आलेले खाऊ द्या. बर्फाचा गोळा, उसाच्या रसातला बर्फ, कापून ठेवलेली फळे टाळा. परत गेल्यावर जुलाब लागले तर तिथल्या डॉक्टरांना भारतातून आल्याचे सांगायला त्यांच्या आईवडिलांना बजावा, म्हणजे औषधाची निवड चुकणार नाही.

घरात कोंबड्या किंवा कुत्र्याचे पिल्लू आहे. काय काळजी घ्यावी?

रांगणारे मूल आणि मोकळ्या कोंबड्या एकाच अंगणात नसाव्यात. मूल विष्ठेत हात घालून तोंडात घालते. खुराडे जोत्यापासून दूर ठेवा, त्यात जाताना वेगळ्या चपला घाला. जुलाब लागलेल्या पिल्लाला मुलांपासून लांब ठेवा आणि त्याची घाण हातमोजे घालून काढा. कुत्र्या-मांजराला कच्चे चिकन देऊ नका, उकडून द्या.

आजारी माणसाने स्वयंपाक कधी सुरू करावा?

जुलाब थांबल्यावर पूर्ण ४८ तास गेल्यानंतर. खानावळ, हॉटेल, पाळणाघर किंवा रुग्णालयात काम करणाऱ्यांनाही हाच नियम. माणसाकडून माणसाला हा आजार सहसा पसरत नाही, पण जिवाणू शौचातून दोन-तीन आठवडे बाहेर पडत राहतो. त्यामुळे तेवढे दिवस शौचानंतर आणि बाळाचे लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुण्यात ढिलाई नको. घरात दुसरे कोणी स्वयंपाक करणारे नसेल तर ते ४८ तास खिचडी, पिठले, उकडलेली अंडी असे आचेवरूनच थेट ताटात येणारे पदार्थ करा. कोशिंबीर, चटणी आणि कणीक मळणे दुसऱ्या कोणाकडे द्या.